पोलादाचं पाणी उतरतं तेव्हा

डोंगरकड्याच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात, मधल्या खणाच्या भिंतीत जमिनीपासून हातभर उंचीवर एक खड्डा होता. वाटीएवढा. माय दर दिवाळीला भिंती पोतेऱ्यानं सारवून काढायची. पण तो खड्डा आबांनी तिला कधी बुजवू दिला नाही. पाहुणे विचारायचे, ‘हे काय, उंदरानं पोखरलं का?’ आबा म्हणायचे, ‘उंदरानं नाही, माझ्या शहाणपणानं पोखरलं.’ आणि विषय बदलायचे.

ही गोष्ट १९८४ सालची. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता; १ मे १९९९ पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यातलेच. माझं वय बारा. आबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअरची बंदूक होती. बाहेरच्या बाजूला घोडा असलेली, अंगठ्यानं मागे ओढायची, जुन्या घाटाची. रानडुकरांनी भुईमूग उकरायला सुरुवात केली की आबा जागलीला जायचे. डुक्कर मारल्याचं मी कधी पाहिलं नाही. रात्री एखादा बार हवेत काढायचा, त्या आवाजानं कळप शेजारच्या शिवारात जायचा, आणि थोड्या वेळानं शेजारच्या शिवारातून बार ऐकू यायचा. डुकरांची अशी रात्रभर देवाणघेवाण चालायची.

त्या वर्षी बंदुकीच्या घोड्याचं टोक, म्हणजे अंगठा टेकवायची जागा, मोडली. बंदूक दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर शहरात. जायचं म्हणजे एक दिवस मोडायचा, पैसा मोडायचा, आणि इकडे डुकरं वाट पाहत बसलेली. आमच्या भागात नुकतंच गॅस वेल्डिंगचं एक दुकान निघालं होतं. आबांनी घोडा खोलून तिथे नेला. ‘एक टाका मारून दे’ म्हणाले. मी बरोबर होतो. निळसर ज्योतीखाली तो बोटभर लोखंडाचा तुकडा आधी काळवंडला, मग मावळत्या सूर्यासारखा लाल झाला, मग जिथे टोक जोडायचं तिथे पिवळाधमक. जोड झकास बसला. कानशीनं साफ करून वर काळा रंग फासला. आबा खूश. मीही खूश, त्या दिवशीच मी मनाशी ठरवलं, मोठेपणी हेच काम करायचं.

चार महिन्यांनी, एका पहाटे आबा जागलीवरून आले. दमले होते. काडतूस काढायचं राहून गेलं, घोडा अर्ध्या खाचेवर ठेवलेला. बंदूक भिंतीला टेकवली आणि चूळ भरायला वळले. बंदूक घसरली, जमिनीवर आदळली आणि घरात बार झाला. छर्रे मधल्या खणाच्या भिंतीत घुसले. त्या भिंतीच्या कडेला माझी पाच वर्षांची धाकटी बहीण झोपली होती. तिच्या डोक्यापासून भिंतीतला खड्डा दोन वितींवर होता. मी स्वतः मोजलं आहे.

तिला काही झालं नाही. आठ दिवस ती आवाजानं दचकायची, एवढंच. आबांनी मात्र त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन बंदूक जमा केली आणि परवाना परत केला. पुन्हा कधी बंदुकीला हात लावला नाही.

भरलेली बंदूक घरात आणली ही आबांची चूक होती आणि ती त्यांनी कधी नाकारली नाही. पण घोडा अर्ध्या खाचेवर असताना बंदूक पडली तरी सुटू नये, म्हणून तर ती खाच असते. ती का सुटली, हे कळायला मला आणखी सात-आठ वर्षं लागली. आयटीआयमध्ये वेल्डिंगचा कोर्स करताना आमच्या सरांनी एक दिवस फळ्यावर तापमानाची शिडी काढली, आणि मला एकदम तो लाल झालेला घोडा आठवला. त्या वेल्डरचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याचा जोड आजही शाबूत असेल. जोड तुटलाच नव्हता. बिघडलं ते जोडापासून बोटभर लांब.

०००

आपल्या भाषेत एक फार नेमका शब्दप्रयोग आहे: पोलादाला ‘पाणी देणं’. लोहार विळा, कोयता, कुऱ्हाड तापवतो, ठोकतो, आणि शेवटी लाल धार पाण्यात बुडवतो. चर्र आवाज येतो, वाफ उठते. आपण म्हणतो, धारेला चांगलं पाणी पाजलंय. ‘पाणीदार’ हा शब्द माणसाला लावतो तोही याच भट्टीजवळचा वाटतो. आणि तेच हत्यार पुन्हा विस्तवात पडलं, तर म्हणतो, याचं पाणी उतरलं.

हे पाणी म्हणजे नेमकं काय? पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात अगदी थोडा कार्बन. खिडकीचे गज, पत्र्याच्या शेडचे अँगल यांत तो शेकडा पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो. कानस, छिन्नी, चांगली सुरी यांत पाऊण ते एक टक्का किंवा थोडा जास्त. फरक एवढासाच, पण सगळी करामत त्याचीच. पोलाद साधारण ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की आतल्या कणांची रचना बदलते आणि कार्बन लोखंडात विरघळतो, चहात साखर विरघळावी तसा. आता ते सावकाश थंड केलं तर कार्बन निवांत बाजूला होतो. पोलाद मऊ राहतं. पण एकदम पाण्यात बुडवलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकून बसतो, आणि त्या ताणामुळे पोलाद काचेसारखं कठीण होतं. काचेसारखंच ठिसूळही.

म्हणून जाणता लोहार तिथेच थांबत नाही. तो धार थोडी घासून चकचकीत करतो आणि पुन्हा हलकी शेक देतो. त्या चकचकीत भागावर रंग उमटत जातात. २२० अंशांच्या आसपास फिका गव्हाळ, २५० ते २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० च्या सुमारास निळा, आणि त्यापुढे करडा. जितकी शेक जास्त, तितका कठीणपणा कमी आणि चिवटपणा जास्त. कानशीला गव्हाळ रंगावर थांबवायचं, कमानीला निळ्यापर्यंत किंवा त्याही पुढे न्यायचं. आमच्या गावच्या लोहारकाकांनी थर्मामीटर कधी पाहिला नव्हता. पण हे रंग त्यांना पाठ होते.

आता आबांच्या बंदुकीचा घोडा पाहा. त्याच्या पोटात दोन बारीक खाचा असतात. चापाशी जोडलेल्या खिट्टीचं टोक त्या खाचेत अडकतं, आणि तेवढ्या नखाएवढ्या कडेवर ताणलेल्या कमानीचा सगळा जोर पेललेला असतो. ती कड झिजू नये म्हणून जुन्या बंदुकांत अशा भागांना वरवर कठीण कातडं चढवलेलं असे. हाडांचा, चामड्याचा कोळसा आणि लोखंडाचा भाग एका पेटीत बंद करून तासन्‌तास तापवायचं, कार्बन पृष्ठभागात शिरतो, मग पाण्यात. आत मऊ, चिवट गाभा आणि वर एखाद्या मिलिमीटरपेक्षाही पातळ कठीण थर. वेल्डरनं जोडाच्या जागी ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत धरली. तिचं टोक ३००० अंशांच्या वर असतं. घोडा लहान, उष्णतेला पळायला जागाच नाही. सगळा तुकडा लाल झाला आणि मग हवेत सावकाश निवला. म्हणजे लोहारानं दिलेलं पाणी पूर्ण उतरलं. टोक जुळलं, खाच मऊ झाली. चार महिने खिट्टी त्या मऊ कडेवर घासत राहिली, कड गोल झाली, आणि त्या पहाटे एका धक्क्यानं सुटली.

वेल्डिंगच्या धंद्यात या जोडालगतच्या पट्ट्याला उष्णताबाधित क्षेत्र म्हणतात. जोड स्वतः बहुधा मजबूत असतो. दगा देतो तो हा शेजारी. काही पोलादांत तो मऊ पडतो. कार्बन जास्त असलेल्या पोलादात उलटं होतं: जोडाभोवतीचं थंड लोखंड उष्णता इतक्या वेगानं ओढून घेतं की तो पट्टा आपोआप पाण्यात बुडवल्यासारखा कठीण होतो आणि तडकतो. त्यात ओलसर रॉड वापरला असेल तर ओलाव्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि भेग कधी कधी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पडते. ट्रॅक्टरच्या कमानपट्टीला वेल्डिंग करून घेणाऱ्या किती शेतकऱ्यांनी मला हेच सांगितलं असेल, ‘दुकानात ठीक होती, शेतात नेली आणि जोडाच्या बाजूला तुटली.’

०००

उष्णता नजरेनं जोखायच्या सवयीनं केवळ आबांचाच घात केला असं नाही. अमेरिकेच्या स्प्रिंगफिल्ड शस्त्रागारात १९०३ च्या बनावटीची सैनिकी रायफल तयार होत असे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, त्यांतल्या काही रायफली गोळी झाडताना फुटू लागल्या. चौकशीत कळलं की पोलाद ठोकण्याआधी भट्टीत किती तापलं, हे अनुभवी कारागीर रंगावरून ठरवत. पण ढगाळ दिवशी जो रंग झगझगीत दिसतो, तोच लख्ख उन्हात फिका वाटतो. म्हणून उन्हाच्या दिवशी कारागीर ते आणखी तापवत; फॅरनहाइटच्या तीनशे अंशांपर्यंत फरक पडत होता. पोलाद अक्षरशः करपत होतं आणि वरून काही दिसत नव्हतं. १९१८ मध्ये उष्णता मोजणारी यंत्रं आली आणि प्रक्रिया बदलली. पण तोवर तिथे सुमारे आठ लाख रायफली जुन्या पद्धतीनं बनून गेल्या होत्या. त्यांतली कोणती फुटेल हे बाहेरून सांगता येत नसे.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या लोहारकाकांची खोपी आठवली. भर दुपारी तिथे अंधार. लहानपणी वाटायचं, गरिबी आहे, खिडकी करायला पैसे नसतील. ते एकदा माझ्यावर खेकसले होते, ‘दारातून बाजूला हो, उजेड येतोय, लोखंड दिसंना मला.’ अंधार त्यांनी मुद्दाम राखला होता. रोज सारखाच अंधार, म्हणजे रोज सारखाच रंग. स्प्रिंगफिल्डला जे १९१७ मध्ये उमगलं, ते आमच्या गावच्या खोपीत बिनखिडकीच्या भिंतीनं सांभाळून ठेवलं होतं.

आणि यात नवल नाही. आमच्यापासून गोदावरी ओलांडून पलीकडे, तेलंगणच्या निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचं खेडं आहे. तिथे मातीच्या मुशीत पोलाद तयार होत असे, आणि ते विकत घ्यायला थेट इराणच्या इस्फहानचे व्यापारी येऊन राहत. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या तुकडीतल्या हेन्री व्हॉयसी यानं ते काम डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं, आणि ते वर्णन १८३२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. ज्या पोलादापासून जगप्रसिद्ध दमिश्की तलवारी बनल्या, त्याचं एक माहेर आपल्या शेजारी होतं. त्या पोलादात कार्बन दीड टक्क्यापर्यंत. ते फार तापवलं की हातोड्याखाली चुरा व्हायचं. मंद आचेवर, धीरानं ठोकावं लागे. तिथेही सगळा खेळ आचेचाच.

०००

आता थोडं रंगरूपाविषयी. आबांच्या बंदुकीला एक मोरपिशी काळसर झाक होती. मला वाटायचं तो रंग आहे. तो रंग नसतो, ती गंजाचीच एक शहाणी बहीण आहे. तांबडा गंज भुसभुशीत असतो, ओलावा धरतो आणि पोलाद खात जातो. हीच गंजाची प्रक्रिया कारागीर मुद्दाम करतात: पोलादावर हलका गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात धरायचा, ब्रशनं घासायचा, पुन्हा पुन्हा. तांबड्या गंजाचा काळा, घट्ट चिकटलेला ऑक्साइड होतो. कारखान्यांत हेच काम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, १४० अंशांच्या आसपास होतं. थर इतका पातळ की केसाच्या जाडीपुढे काहीच नाही. तो एकटा गंज अडवत नाही. तो तेल धरून ठेवतो, आणि तेल गंज अडवतं. घरचा लोखंडी तवा तेल पिऊन काळा होतो आणि मग गंजत नाही, त्याच्याशी याचं जवळचं नातं.

अशा थरावर वेल्डिंगची आच पडली की तो त्या जागी जातो. त्या जागी गव्हाळ, जांभळी, निळी वलयं उमटतात. दिसायला सुंदर, पण ती संरक्षण नाहीत. ती साक्षीदार आहेत. निळं वलय सांगतं, इथपर्यंत ३०० अंश पोचले होते. सैनिकी हत्यारांवर फॉस्फेटचा करडा, खरबरीत लेप असतो. त्याचे स्फटिक आचेनं आपलं पाणी गमावतात आणि लेप भुकटीसारखा होतो. आबांच्या घोड्यावर वेल्डरनं फासलेला काळा रंग पहिल्याच पावसाळ्यात सुटला आणि खालून तांबडं दिसू लागलं. आबांनी त्यावर गोडं तेल चोळलं. तेही चूकच, गोडं तेल वाळून चिकट होतं आणि धूळ धरतं.

दुनळी बंदुकीची गोष्ट आणखी नाजूक. दोन नळ्यांमधली पट्टी बहुधा शिसं आणि कथील यांच्या झाळेनं बसवलेली असते, आणि ही झाळ दोनशे अंशांच्या आसपासच वितळू लागते. नळीवर कुठेही ज्योत धरली तर पट्टी सुटते. नळीत तर गोळीबाराच्या क्षणी प्रचंड दाब असतो. तिथे मऊ झालेला पट्टा म्हणजे हातात धरलेला सुतळी बाँबच. म्हणून नळीवर वेल्डिंग या विषयावर माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही.

कायदाही तेच म्हणतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. आबांनी केलं ते भाबडेपणानं, पण नियमाबाहेर होतं. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बारा बोअरच्या बंदुका बनत. आमच्या गावात मात्र इसापूर म्हटलं की पैनगंगेवरचं धरणच आठवतं. आबांना तर कितीतरी वर्षं वाटत होतं, धरणावरच कुठेतरी बंदुका बनत असाव्यात. तशा कारखान्यात प्रत्येक नळी नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडून तपासतात आणि मगच शिक्का मारतात. वेल्डिंगच्या दुकानातून बाहेर पडलेल्या तुकड्याला अशी परीक्षा कोण घेणार?

०००

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी बंदूक नाही, मग हे आम्हाला कशाला? बंदूक नसेल, पण सुरी आहे. गॅसच्या शेगडीवर सुरीचं टोक तापवून प्लास्टिकला भोक पाडायची सवय पुष्कळ घरांत असते. ते टोक निळं झालं की त्याचं पाणी गेलं. पुढे कितीही धार लावा, टिकणार नाही. धारवाला विजेच्या दगडावर कोरडी सुरी दाबून धरतो आणि ठिणग्यांची आरास होते, तेव्हा पातीची कड पाहा. निळी पडली तर त्याला थांबवा, ‘दादा, पाण्यात बुडवत बुडवत लावा’ म्हणा. उसाच्या तोडीवर जाणाऱ्या माणसाचा कोयता मुठीजवळ मोडला, तर जोड पात्याच्या धारेपासून लांब राहील असं पाहा, आणि धारेला ओलं फडकं गुंडाळून ठेवायला सांगा.

आणखी एक गोष्ट, ती हत्याराची नाही, माणसाची. शेतात जस्त चढवलेले पाइप, पत्रे वेल्डिंग होतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. पोलाद वितळायच्या कितीतरी आधी ते पांढऱ्या धुराच्या रूपानं उडून गेलेलं असतं. तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. पोरं म्हणतात मलेरिया झाला. आमच्या धंद्यात गूळ खा, दूध प्या म्हणतात. मीही वर्षानुवर्षं खाल्ला. गुळानं तोंड गोड होतं, बाकी काही होत नाही. जोडाच्या जागचं जस्त आधी घासून काढावं, उघड्यावर काम करावं, धूर वाऱ्यानं आपल्यापासून लांब जाईल असं बसावं, आणि मास्क लावावा. चकचकीत पिवळसर मुलामा असलेले जुने नटबोल्ट, त्यांवर कॅडमियम असू शकतं, त्यांना तर ज्योत लावूच नये. तो धूर तापावर भागत नाही, जीव घेतो.

बत्तीस वर्षं मी हे काम करतो आहे. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये रोलर जोडले, गावात नांगर जोडले. दोन वर्षांपूर्वी एक ओळखीचा मुलगा रुमालात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. म्हणाला, ‘काका, एक टाका मारून द्या ना, दोन मिनिटांचं काम आहे.’ रुमाल उघडला तर बंदुकीचा घोडा. तेच टोक मोडलेलं. मला वाटलं, चाळीस वर्षं मागे गेलो. त्याच्या आजोबांच्या नावावर परवाना होता. मी त्याला चहा पाजला, ही सगळी गोष्ट सांगितली आणि तुकडा तसाच परत दिला. तो जरा नाराज झाला. ‘जमत नाही का काका तुम्हाला?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘जोडायला जमतं रे. नंतरचं जमत नाही.’ त्यानं बंदूक परवानाधारकाकडे नेली, नवा घोडा बसवून घेतला, आणि पावती मला आवर्जून दाखवायला आला.

आमचं माळवद पाडून त्या जागी स्लॅबचं घर झालं, त्यालाही आता काळ लोटला. भिंत उतरवताना बहीण सासरहून आली होती. तिनं पांढऱ्या मातीच्या ढेकळातून एक छर्रा शोधून काढला आणि स्वतःच्या मुलाला दाखवला. ‘हा माझ्या नावाचा होता,’ एवढंच म्हणाली. मुलाला काही कळलं नाही. तो छर्रा तिनं मला दिला. माझ्या दुकानात, रॉड कोरडे ठेवायच्या डब्यात तो अजून आहे. घाईत कुणी ‘एक टाका मारून द्या’ म्हणालं की मी आधी रॉड काढायला डबा उघडतो, तो छर्रा दिसतो, आणि मग विचारतो, ‘कशाचं आहे? आणि याला पाणी दिलेलं आहे का?’